पेअर प्रोग्रॅमिंग जमत नाही? या चुका टाळा

पेअर प्रोग्रॅमिंग म्हणजे दोघांनी जोडीने एकच कोड लिहिणं. "पेअरिंग करून पाहिलं, नुसता वेळ गेला," असं म्हणणाऱ्या टीमला मी आधी एकच विचारतो: कीबोर्ड कोणाकडे होता? उत्तर बहुधा 'सीनियरकडे' असंच येतं. तिथंच बिनसतं. ज्याला कोडबेस, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड, पाठ आहे तो भराभर फाइल्स उघडतो-मिटतो, शेजारचा "हो हो, कळलं" म्हणत मान डोलावतो आणि जेवणाच्या सुट्टीआधीच मोबाइल काढतो.

कीबोर्ड कमी माहिती असलेल्याकडे द्या. जाणकाराने फक्त बोलायचं. सॉफ्टवेअर प्रशिक्षक लेवेलिन फाल्को यांची 'स्ट्राँग स्टाइल' ती हीच: माझ्या डोक्यातली कल्पना कॉम्प्युटरमध्ये जाईल ती दुसऱ्याच्या हातांनीच. बोलून सांगावं लागलं की जाणकाराला स्वतःचीच गृहीतकं तपासावी लागतात. पण "इथे कंस, आता सेमीकोलन" सुरू झालं, तर समोरचा नुसता टायपिस्ट उरतो. आधी हेतू सांगा: "ग्राहक सापडला नाही तर सूट शून्य आली पाहिजे." अडला तर फाइल सांगा. तरीही अडला, तरच ओळ. आणि कोडमधली चूक दाखवणारी लाल रेघ दिसताच ओरडू नका. पाच सेकंद थांबा, बहुतेकदा त्यालाही ती दिसलेली असते.

कीबोर्डची अदलाबदल राहून जाते, म्हणून ती टेस्टला, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या छोट्या कोडला, बांधा. एकाने नापास होणारी टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती पास करून पुढची लिहायची. ज्याचं अप्रेझल ज्याच्या हातात आहे, अशी जोडी मात्र लावूच नका. "सर, हे चुकतंय" तिथे कोणी म्हणत नाही.

सगळंच जोडीने करायचा हट्टही नको. संशोधक हॅने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. सोपी कामं जोडीने लवकर होतात, पण दर्जा घसरतो. अवघड कामांत दर्जा सुधारतो, पण एकूण मेहनत बरीच वाढते. बटणाचं लेबल बदलायला दोघं कशाला? पेमेंटचा हिशेब किंवा कोणीच हात न लावणारं जुनं मॉड्यूल असेल, तर बसा.

घरून काम करताना नुसता स्क्रीन शेअर केला तर एक जण प्रेक्षक होतो. व्हीएस कोड या एडिटरचं लाइव्ह शेअर वापरा, त्यात दोघांनाही एकाच फाइलमध्ये लिहिता येतं. नाहीतर दर पाळीला एकाने छोटा कमिट (केलेल्या बदलाची नोंद) पुश करावा, म्हणजे सामायिक जागी पाठवावा, आणि दुसऱ्याने तो पुल करावा, म्हणजे आपल्याकडे घ्यावा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कमिट संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' ची ओळ टाकली की दोघांची नावं दिसतात. ही ओळ गाळली की कागदोपत्री एकानेच काम केलेलं असतं, आणि दुसरा पुढच्या वेळी पेअरिंगला मीटिंग असल्याचं सांगतो.