डायनामोत ठिणग्या उडतायत? नवे कार्बन टाकायच्या आधी या चुका टाळा

जुन्या अँबॅसिडर, फियाट, जीप ठेवणाऱ्यांना सांगणं आहे, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोत ठिणगी दिसली की कार्बन (करंट बाहेर घेणारे ब्रश) बदलायला धावू नका. कार्बन झिजायचाच, पण नवा टाकूनही लगेच ठिणग्या उडत असतील तर दोष बहुतेक वेळा कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर असतो.

सगळ्यात वाईट चूक एमरी पेपरची. आंब्याच्या सीझनमध्ये देवगडहून एक अँबॅसिडर आली, मालक म्हणाले, "नवे कार्बन घातले तरी लाल लाईट जाता नाय," म्हणजे चार्जिंग होत नव्हतं. मागची प्लेट काढली तर कम्युटेटर काळा, पट्ट्यांमधल्या खाचा करड्या भुकटीने गच्च भरलेल्या आणि कार्बनच्या तोंडावर चरे. कुणीतरी घाईत एमरी फिरवून दिलेली. एमरीत लोखंडाचा अंश असतो, त्याचे दाणे खाचेत बसले की एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत करंट गळतो, कार्बनमध्ये रुतले की तांबं खरवडतात. वर ते नवे कार्बन बसवून न घेता तसेच घातलेले, एका कोपऱ्यावरच टेकत होते, तेवढाच कोपरा चकचकीत आणि सगळा लोड त्याच्यावर. मी बारीक काचपेपरच वापरतो, मग पेट्रोलच्या फडक्याने पुसतो, पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) वर आला असेल तर बाजूने घासून पातळ केलेल्या हॅकसॉ ब्लेडने खाच अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल करतो, आणि कम्युटेटरवर काचपेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळून आर्मेचर (डायनामोचा फिरणारा, गुंडाळीचा भाग) फिरतं त्याच दिशेने ओढत कार्बनला गोलाई देतो. वेळ जातो, जाऊ दे. नव्या पोरांना हेच नको असतं, त्यांना दहा मिनिटांत गाडी बाहेर काढायची असते.

किनाऱ्यावर पावसाळाभर उभ्या गाडीचा कार्बन खाऱ्या ओलीने होल्डरात अडकतो. कार्बन त्याच्या वायरला धरून उचलून सोडा, सरकन खाली आला पाहिजे, नाहीतर त्याच्या बाजूंवर बारीक कानस हलकी फिरवा. स्प्रिंग गंजली असेल तर बदलाच. लुकास कंपनीच्या सी-४० डायनामोत कार्बन ७ मिलिमीटरपर्यंत आला की संपला. मागच्या बुशाला (बेअरिंगला) तेल दोन-चार थेंबच, जास्त झालं की कम्युटेटरवर येतं.

टेस्ट न करता डायनामो उतरवू नका. लुकासचा १२ व्होल्टचा असेल तर डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) वरच्या वायरी काढा, दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा, व्होल्टमीटरची एक वायर त्यांना, दुसरी बॉडीला लावा आणि इंजिन हळूहळू वाढवा, २० व्होल्टच्या वर नेऊ नका. काटा सरळ चढला तर डायनामो ठीक. काहीच नाही आलं तर कार्बन बघा, अर्धा-एक व्होल्ट आला तर फील्ड कॉईल (चुंबक तयार करणारी स्थिर गुंडाळी), चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. हीच टेस्ट दुसऱ्या महायुद्धातल्या ६ व्होल्टच्या विलीज जीपवर करू नका, तिथे फील्ड आतून आर्मेचरला जोडलेली असते, एफ बॉडीला टेकवून बघावं लागतं.

आणि एकच पट्टी जळालेली दिसली तर कार्बन, काचपेपर सगळं बाजूला ठेवा, आर्मेचरची कॉईल तुटलीय, ते वाइंडिंगवाल्याकडेच जाऊ दे.