एकसर-समांतर जोडणी मोजायला बसण्याआधी

बॅटरी, तारा, ब्रेडबोर्ड, मल्टीमीटर, कागद-पेन. हे सांगायला नको. मीटरची लाल प्रोब (मोजायची तार) कुठल्या भोकात आहे ते मात्र आत्ताच बघा. बऱ्याच मीटरांत धारा मोजायला ती वेगळ्या भोकात घालावी लागते आणि मग ती तिथेच राहून जाते. तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात की मीटर साध्या तारेसारखा वागतो, बॅटरी शॉर्ट होते आणि आतला फ्यूज उडतो. मागच्या खेपेला माझा गेला तो असाच. चकती व्होल्टवर फिरवून भागत नाही, प्रोबच काढून हलवायची.

रेझिस्टर, म्हणजे धारेला अडवणारे रोध, १ आणि २.२ किलोओहमचे, पाव वॅटचे (तेवढीच उष्णता झेपणारे) घ्या. धारा ठसठशीत दिसावी म्हणून १०० आणि २२० ओहमचे घ्यायचा मोह होतो. ९ व्होल्टवर एकसर जोडणीत ते निमूट बसतात, १०० ओहमवाल्यात जेमतेम ०.०८ वॅट खर्च होतो. तेच समांतर जोडले की प्रत्येकाला पुरे ९ व्होल्ट मिळतात, आणि त्याच १०० ओहमवाल्यात ०.८१ वॅट! आधी वास येतो, मग पट्टे काळे पडतात.

पट्ट्यांच्या रंगांवर विसंबू नका. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, १ किलोओहमचा ९५० ते १०५० ओहम काहीही निघेल. बोर्डावर बसवण्याआधी एकेक मोजून खरा आकडा लिहा, कारण बसवल्यावर बाकीच्या वाटाही मोजमापात घुसतात. दोन्ही टोकं चिमटीत धरू नका, अंगही समांतर जोडलं जातं. किलोओहमला ते जाणवणार नाही, मेगाओहमला हमखास.

उत्तरं आधीच काढून ठेवा. एकसर जोडणीत बेरीज ३.२ किलोओहम, धारा सगळीकडे तीच २.८ मिलिअँपिअर, व्होल्टेजची वाटणी २.८ आणि ६.२ व्होल्ट. समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज करून ती उलटवली की ६८७.५ ओहम, लहान रेझिस्टरहूनही कमी. जास्त आलं तर जोडणी तपासा. धारा ९ आणि ४.१, मिळून १३.१ मिलिअँपिअर.

धारा मोजायला परिपथ तोडून मीटर मध्ये घालायचा. मोजून झालं? लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात. आकडा नंतर लिहा, आधी प्रोब. दर वेळी. व्होल्टेज येतंय पण धारा शून्य दिसतेय, तर जोडणी उसकटत बसू नका, फ्यूज बघा.

ब्रेडबोर्डावर दोन्ही पाय एकाच पाच भोकांच्या ओळीत नकोत, ती आतून जोडलेली असते आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा होतो. बॅटरीचं व्होल्टेज जोडणी चालू असताना मोजा, वेष्टनावरचे ९ धरू नका. एककं लिहा. उठताना बॅटरी काढा.