साथीच्या काळात झोप आणि मन बिघडते तेव्हा: वैद्यकीय विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे सांगितले आणि पुढील काही आठवड्यांत असंख्य वैद्यकीय विद्यार्थ्यांची व्याख्याने वर्गातून पडद्यावर आली. सकाळी वॉर्डात हजर राहण्याचे बंधन सुटल्यामुळे अनेकांच्या झोपेचे तास वाढले, पण ती झोप अंगी लागली नाही. आठ तास झोपूनही डोके जड आणि मन उदास राहते, अशी तक्रार करणारा विद्यार्थी बहुधा रात्र दुरुस्त करायला निघतो आणि तिथेच चुकतो, कारण बिघाडाची सुरुवात सकाळी झालेली असते.

शरीराचे घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या एका इवल्याशा पेशीसमूहाकडे असते आणि ते रोज जुळवून घेण्याचे मुख्य साधन म्हणजे उजेड. उठण्याची वेळ आज सात, उद्या अकरा अशी सरकत राहिली आणि पडदे दुपारपर्यंत ओढलेलेच राहिले, तर हे घड्याळ मागे पडत जाते. मग ‘आज लवकर झोपायचेच’ असे ठरवून रात्री दहालाच अंथरुणावर पडणे ही दुसरी चूक होते, कारण झोपेची वेळच झालेली नसते आणि तासभर नुसती कूस बदलण्यात जातो. त्याऐवजी उठण्याची वेळ पक्की करावी, ती सुट्टीच्या दिवशीही पाळावी आणि उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात, निदान उघड्या खिडकीत, थोडा वेळ घालवावा. पहिले चार-पाच दिवस जड जातात. त्या दिवसांत दुपारी लांबलचक झोप काढली, तर केलेली मेहनत वाया जाते.

पलंगावरचा अभ्यास ही मला सर्वांत हानिकारक वाटणारी सवय आहे. पाठीशी उशी, गुडघ्यांवर पांघरूण, त्यावर लॅपटॉप, दीडपट वेगाने चाललेले व्याख्यान, बाजूला जेवणाचे ताट आणि रात्री त्याच जागी मृतांचे आकडे दाखवणारा मोबाइल, असा दिवस गेला की मेंदू त्या गादीला जागेपणाची आणि धास्तीची जागा मानू लागतो. ही सांगड तोडण्याची पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरली जाते. अंथरूण झोपेसाठीच ठेवावे, अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद प्रकाशात दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. खोली एकच असेल, तर जमिनीवर चटई टाकून अभ्यास केला तरी चालतो.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाला बराच दोष दिला जातो आणि फिल्टर लावून विद्यार्थी निश्चिंत होतात. परंतु झोपण्यापूर्वी अतिदक्षता विभागातील दृश्ये पाहिल्यावर मनात उठणारी खळबळ कोणताही फिल्टर गाळत नाही. बातम्यांसाठी संध्याकाळपूर्वीची एक वेळ नेमावी. कॉफीचेही तेच: कॅफीनची हाफ-लाइफ, म्हणजे शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, सरासरी पाच तासांची असते, हे औषधशास्त्रात शिकलेला विद्यार्थीच रात्री नऊला कॉफीचा मग भरून घेतो.

मनःस्थितीबाबत मात्र अधिक सावध राहावे. अपुरी झोप मन खचवते आणि खचलेले मन झोप मोडते, त्यामुळे ‘परीक्षा संपली की सगळे ठीक होईल’ किंवा ‘सगळ्यांचेच असे चालले आहे’ असे म्हणत महिने काढणे धोक्याचे ठरते. काही जण प्रश्नावली भरून स्वतःच निदान करतात, तेही चूक. पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता निर्देशांक या प्रश्नावलीत २१ पैकी ५ हून अधिक गुण आले, तर झोपेची प्रत खराब आहे एवढेच कळते; कारण तपासणीतूनच शोधावे लागते. दोन आठवडे बहुतेक दिवस उदासी राहिली किंवा कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगावे, एकटे राहू नये आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा वरच्या वर्गातील मित्राकडून लिहून घेऊ नयेत. बेंझोडायझेपीन गटातील औषधांची सवय लागते आणि ती एकाएकी थांबवली की निद्रानाश पूर्वीपेक्षा वाढून परततो. आधीपासून घेत असाल, तर मात्रा कशी उतरवायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.