रविवारच्या वर्गात सिनेमा: धर्मशिक्षण देणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

येशूच्या जीवनावरचा चित्रपट वर्गात दाखवणे सोपे असते. कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो आणि चर्चा शुभवर्तमानाच्या बाहेर जात नाही. ज्या चित्रपटात येशूचे नाव नाही, क्रूस नाही, चर्चही नाही, तो हाताशी घेऊन श्रद्धेबद्दल बोलायचे तर वेगळी तयारी लागते. रविवारची शाळा, दृढीकरणाचा वर्ग किंवा युवक मंडळ नव्याने हाती घेतलेल्यांसाठी ती तयारी इथे मांडली आहे.

हा मार्ग आडवळणाचा आहे की काय, अशी शंका मंडळीतले ज्येष्ठ हमखास काढतात. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींचीच ओळ श्रोत्यांपुढे ठेवली होती (प्रेषितांची कृत्ये १७:२८). फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली आणि 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग जवळ केला. चित्रपटाच्या शंभरीच्या निमित्ताने व्हॅटिकनने १९९५ साली ४५ चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते आणि त्यातले बरेच चित्रपट धार्मिक नव्हते. ज्येष्ठांना एवढे सांगून पुढच्या वर्गाला बसायला बोलवा. एकदा बसून पाहिल्यावर बहुतेकांची शंका मिटते.

खरी अडचण शिक्षकाच्याच बाजूने येते. आपल्याला वचन पाठ असते आणि पडद्यावर ओळखीचे काही दिसले की ते लगेच तोंडावर येते. दिग्दर्शकाने काय म्हटले आहे ते आधी पुरते ऐकायचे, पवित्र शास्त्र त्यानंतर उघडायचे. हा क्रम उलटला की चित्रपटाचेही नुकसान होते आणि वचनाचेही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घ्या. कैकाडी समाजातल्या शाळकरी जब्याला घरच्यांबरोबर गावातली डुकरे धरावी लागतात, गाव बघ्यासारखे उभे राहून हसते आणि शेवटी त्याच्या हातून सुटलेला दगड थेट पडद्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे येतो. दगड दिसताच योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय आठवतो: जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. जोडी चपखल वाटते, पण ती सपशेल चुकीची आहे. त्या अध्यायात दगड जमावाच्या हातात आहेत आणि स्त्री एकटी आहे. इथे एकटा आहे तो जब्या. ते वचन इथे लावले की छळ सोसणारा मुलगाच आरोपी ठरतो आणि हसणारे सुटतात. त्याऐवजी उत्पत्ती १:२७ उघडा. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हे वाचून मग विचारा की दगड आपल्या दिशेने का आला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत जात संपलेली नाही, लग्न जुळवताना ती हळूच पुढे येते. तरुणांना हे ठाऊक असते, मोठ्यांनी ते मोठ्याने म्हटलेले मात्र त्यांनी क्वचितच ऐकलेले असते. तिथे थांबा. क्षमेच्या विषयावर घाईने जाऊ नका. त्या दिवशी वर्ग पापकबुलीवर संपला तरी तो पूर्ण झाला असे समजा.

'फँड्री' तुकड्यात दाखवू नये. पावणेदोन तासांच्या आसपासचा हा चित्रपट आहे आणि त्या दगडाचे वजन आधीच्या प्रत्येक प्रसंगाने वाढवलेले आहे. शाळेजवळ डुकराच्या मागे धावताना राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निसटते, हे पाहिलेले नसेल तर शेवट नुसता रागाचा वाटतो. असा चित्रपट शनिवारी संध्याकाळी पूर्ण दाखवा आणि चर्चा रविवारी ठेवा. मधली रात्र उपयोगी पडते.

तुकडा चालतो तो वेगळ्या प्रकारच्या चित्रपटाचा. पाच ते आठ मिनिटांचा प्रसंग निवडा. त्यात कुणीतरी काही ठरवत असले पाहिजे, आणि आधीची गोष्ट चार वाक्यांत सांगता आली पाहिजे. सांगायला दहा मिनिटे लागत असतील तर तो तुकडा सोडून द्या. ज्यात पात्रच उपदेश करते असा प्रसंगही टाळा, कारण तिथे मुलांना शोधायला काही उरत नाही. चेहरे बोलतात आणि शब्द कमी असतात, ते प्रसंग सगळ्यात चांगले.

व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मध्ये असे अनेक प्रसंग आहेत. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ही कथा सुचली. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना एक जेलर बेड्यांविना ओसाड जमिनीवर घेऊन जातो आणि त्यांच्या हातून शेती पिकवतो. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला. नवखा शिक्षक हा चित्रपट हाती घेताच म्हणतो, 'जेलर म्हणजे ख्रिस्त.' जेलर शेवटी बैलाशी झुंजताना प्राण गमावतो, त्यामुळे तुलना सोपीही वाटते. ती केली की मात्र मुलांचा विचार तिथेच थांबतो, कारण उत्तर मिळालेले असते. चित्रपटाच्या नावातच खरा प्रश्न आहे. कैद्यांना पळून जाण्याची संधी असते, तरी जेलरचे दोन डोळे त्यांची पाठ सोडत नाहीत. मग ते परत येतात ते भीतीने, लाजेने की मायेने? वर्गाला तीन गटांत बसवा आणि प्रत्येक गटाला यातल्या एका उत्तराची बाजू चित्रपटातल्या पुराव्यानिशी मांडायला सांगा. पंधरा मिनिटांनी स्तोत्र १३९ वाचा. देवाच्या नजरेपासून कुठे पळू, असे विचारणारे हे स्तोत्र काहींना दिलासा वाटते, काहींना पाळत वाटते. दोन्ही म्हणू द्या. त्यानंतर योहानाचे पहिले पत्र ४:१८ वाचा: पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. देवाला घाबरून चांगले वागणे आणि त्याने विश्वास टाकला म्हणून चांगले वागणे यांतला फरक चौदा वर्षांच्या मुलाला यापेक्षा स्पष्ट करून देणारा दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही. चित्रपटातली 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना देशभर अनेक शाळांत सर्व धर्मांची मुले म्हणतात. ती सगळ्यांबरोबर म्हणा, ख्रिस्ती गीत आहे असे मात्र सांगू नका.

'श्वास' (२००४) दुःखाच्या प्रश्नासाठी आहे. कोकणातले आजोबा नातवाला, परशुरामला, शहरात डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतात. इथे योहान ९ मधला दृष्टी मिळालेला आंधळा आठवतो आणि तोच टाळायला हवा. परशुरामला दृष्टी मिळत नाही. वर्गात ज्याच्या घरी कुणी बरे झाले नाही, ते मूल त्या दाखल्याखाली चिरडते. स्तोत्र १३ घ्या, 'कोठवर?' असे विचारणारे. किंवा स्तोत्र ८८, जे अंधारातच संपते. तक्रार हीसुद्धा प्रार्थना असते, हे बायबलच सांगते. हा चित्रपट दाखवण्याआधी पालकांना विषय कळवा आणि कुणाच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे का ते आधी विचारा. असेल तर कारण न विचारता त्या मुलाला न येण्याची मोकळीक द्या.

ख्रिस्तप्रसादाचा अर्थ शिकवताना परदेशी चित्रपटांपैकी डॅनिश 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) उपयोगी पडतो. पॅरिसहून आश्रयाला आलेली स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेले दहा हजार फ्रँक एका जेवणावर खर्च करते, आणि जेवणारे भाविक मात्र अन्नाबद्दल बोलायचेच नाही असे ठरवून बसलेले असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. गती संथ आहे, म्हणून सोळा वर्षांखालच्यांना तो पेलत नाही. कॉलेजच्या मुलांना प्रायश्चित्तकाळात दाखवा आणि त्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून केलेले साधे जेवण ठेवा.

आता वर्गाची वेळ. नव्वद मिनिटे धरा. ओळख पाच मिनिटे, तुकडा आठ, त्यानंतर दोन मिनिटे शांतता. ही शांतता शिक्षकालाच जड जाते, पण ती काढून टाकू नका. मग दहा मिनिटे फक्त 'काय दिसले?' एवढेच. पहिल्या फेरीत मत नको, निरीक्षण हवे: कोण कुठे उभे होते, कोण गप्प होते, आवाज कधी थांबला. त्यानंतर तुकडा पुन्हा दाखवा. दुसऱ्यांदा पाहताना निम्म्या वर्गाला नव्याने काहीतरी दिसते. पुढची वीस मिनिटे पात्राच्या निर्णयावर, मग वचन आणि त्यावर पंचवीस मिनिटे, उरलेला वेळ प्रार्थना आणि लेखनासाठी. गट सहा ते आठ जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात तीनच मुले बोलतात.

'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल तो प्रश्न कागदावरून खोडा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले शिक्षकाला हवे असलेले उत्तर पटकन ओळखतात आणि 'प्रार्थना केली पाहिजे', 'देवावर विश्वास ठेवला पाहिजे' एवढे म्हणून मोकळी होतात. त्यावर एकच विचारा: 'हे तुला पडद्यावर कुठे दिसले?' दिसले नसेल तर ते उत्तर बाजूला ठेवून पुन्हा प्रसंगाकडे या. दहा वर्षांखालच्या मुलांना रूपक शोधायला लावू नका. त्यांच्यासाठी गोष्टीतला चांगुलपणा गोष्टीतच पुरेसा असतो.

प्रमाणपत्र पाहूनच चित्रपट निवडा. २०२४ च्या नियमांनुसार यूए वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, जुन्या चित्रपटांवर ते नसतात. म्हणून शिक्षकाने चित्रपट आधी पूर्ण, एका बैठकीत पाहिलेला असलाच पाहिजे.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेत विद्यार्थी, कर्मचारी आणि पालकांपुरत्या प्रदर्शनाला सवलत आहे. चर्चच्या सभागृहातला, फलक लावून सगळ्यांना बोलावलेला कार्यक्रम तिच्यात बसतो असे गृहीत धरू नका, निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी मागा. ओटीटीचे सदस्यत्व सहसा घरगुती वापरापुरते असते. मिशनच्या शाळेत इतर धर्मांची मुले असतात. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला पालकांची संमती लागते, हे राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये आहे. तिथे मूल्यशिक्षणाच्या तासाला चित्रपट दाखवा, चर्चा चित्रपटापुरती ठेवा आणि धर्मशिक्षण वेगळ्या वर्गात घ्या. 'हा खरे तर ख्रिस्ती सिनेमा आहे' हे वाक्य कुठेच वापरू नका. ते खरे नसते, आणि दुसऱ्याची निर्मिती आपल्या नावावर केल्यासारखे होते.

यंत्रांमुळे वर्ग बिघडतो तो बहुतेक आवाजामुळे. उंच छताच्या सभागृहात आवाज घुमतो, लॅपटॉपचा स्पीकर पुरत नाही. स्पीकर पडद्याजवळ, मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि मराठी चित्रपटालाही उपशीर्षके चालू करा. पंधरा जणांना ४३ इंची टीव्ही पुरतो. प्रोजेक्टर असेल तर पडदे लावूनही निदान ३००० ल्युमेन्स इतका उजेड हवा. ओटीटी अ‍ॅप जुन्या अडॅप्टरवरून प्रोजेक्टरला जोडले की कधी कधी आवाज येतो आणि चित्र काळे राहते, कारण अ‍ॅप कॉपी-संरक्षणाची तपासणी करते आणि जुनी जोडणी त्यात नापास होते. म्हणून आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच केबलने चालवून पाहा. तुकड्याची वेळ मिनिट-सेकंदांत लिहा आणि ती ज्या प्रतीवरून घेतली तीच प्रत वापरा, डीव्हीडी आणि ओटीटी यांत फरक पडतो. पावसाळ्यात लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. वीज गेली तर प्रसंग तोंडी सांगता आला पाहिजे, इतका तो तुमच्या अंगी मुरलेला हवा.

चित्रपट वाचायला शिकायचे असेल तर पुण्यात एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेचे फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचे अभ्यासक्रम आहेत, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे. वर्षभरात तीन चित्रपट पुरेत. वर्ग संपला की त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: कोणत्या प्रश्नावर सगळे गप्प झाले, कोण बोलले नाही, कोणते वचन जुळले नाही. जे मूल नेहमीपेक्षा जास्त शांत होते, त्याच्याशी त्या आठवड्यात एकट्याने बोला.