पूर ओसरला? फावडं ठेवा, आधी मोबाईल काढा

घराच्या विम्यात पूर येतो का, हे लोक पाणी अंगणात आल्यावर विचारतात. येतो. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी मिळते. तीत चक्रीवादळ, पूर दोन्ही आहेत. कोकणात ती मे उजाडायच्या आत घ्या. निसर्ग वादळ ३ जूनलाच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. रक्कम ठरवताना जागेचा भाव धरू नका, घर पुन्हा बांधायचा खर्च धरा. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. दागिने वेगळे नोंदवा.

पाणी शिरलं की कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या.

आता खरी गोम. २००५ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं. ‘चिखल वाळायच्या आत काढा, नाहीतर दगड होतो,’ असं जो तो सांगत होता. खरंच आहे ते. तिसऱ्या दिवशी आम्ही घर लख्ख केलं. फ्रीज, गाद्या, कपाटं डंपरमध्ये गेली. आठव्या दिवशी नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि म्हणाला, “नुकसान दाखवा.” काय दाखवणार? भिंतीवरची ओल? हातात आलं ते डंपरवाल्याला दिलेल्या पैशांइतकंच.

२२ जुलै २०२१ ला पुन्हा तेच पाणी आलं, तेव्हा मी फावड्याला कुणाला हात लावू दिला नाही. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजायची टेप लावून फोटो. मग दारात उभं राहून प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ. मग एकेक वस्तू, आणि फ्रीज-टीव्हीच्या मागचा मॉडेल नंबरचा स्टिकर, चिखल पुसून. कुजणारं धान्य, गाद्या फोटो काढून खुशाल टाका, पण तसं कंपनीला ईमेलने आधी कळवा. यंत्रं मात्र सर्व्हेअर बघेपर्यंत पडवीत राहू देत, घरच्यांनी कितीही नाकं मुरडली तरी. ‘चालतोय का बघू’ म्हणून फ्रीजचं बटण दाबू नका. बुडालेल्या गाडीला तर स्टार्टर मारूच नका. इंजिन त्यानंतर बिघडलं, तर गाडीच्या विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर नसताना कंपनी हात वर करते.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत ठेवा, पण त्यावर विसंबून सर्व्हेअरची वाट बघणं सोडू नका.

बिलं भिजली? दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा, बँकेचं स्टेटमेंट काढा. आमचा टीव्ही शाबीत झाला तो गणपतीच्या आरासीच्या फोटोवरून. मखराच्या बाजूला तो आरामात दिसत होता. यादी तुम्हीच करून द्या, सर्व्हेअरच्या डोक्यावर सोडू नका.

रक्कम पटली नाही तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईने सही नको. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.