जनरेटरवर एसी चालवायचाय?

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी असेल तर ३ केव्हीएचं (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप) जनरेटर पुरतं. सोबत पंखे-दिवे चालतील, गिझर नाही. जुना साधा एसी कॉम्प्रेसर सुरू होताना चार-पाच पट करंट ओढतो, त्याला ५ केव्हीएच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

आधी जनरेटर सुरू करा. आवाज एकसारखा झाला की चेंजओव्हर (घराची वीज लाइनवरून जनरेटरवर घेणारा स्विच) फिरवा, तीन मिनिटांनी एसी. दिवे मंदावले तर एसी लगेच बंद.

जनरेटर बाहेर, खिडकीपासून लांब. जिन्याखाली कदापि नाही, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून घरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा जुगाड कुणी सुचवला, तर चहा पाजून वाटेला लावा. तो करंट उलटा लाइनवर गेला तर खांबावरचा वायरमन मरतो.