न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत मूल घालताना: सणांच्या सुट्ट्या, इतिहासाचे धडे आणि पालकांचे हक्क

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांतून ऑगस्ट संपता संपता मला दोन प्रश्न हमखास येतात. दिवाळीला शाळेला सुट्टी असते का? आणि इथे मुलांना इतिहास कोणता शिकवतात? प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी जातं. राज्याचा कायदा चौकट आखून देतो आणि त्या चौकटीतलं बरंचसं तुमच्या गावचं बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे गावचं शिक्षण मंडळ, ठरवतं. बालभारतीचं एक पुस्तक राज्यभर चालतं, याची आपल्याला सवय असते. इथे सुमारे 600 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळा-विभाग, आहेत आणि शेजारच्या गावचं कॅलेंडर तुमच्या गावाला लागू नसतं. त्यामुळे ऑफिसातल्या मित्राने सांगितलेली माहिती खरी असूनही तुमच्या उपयोगाची नसू शकते. घर भाड्याने घेण्याआधी त्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर जा आणि दोन गोष्टी शोधा: वर्षाचं कॅलेंडर आणि सोशल स्टडीजचा, म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचा, अभ्यासक्रम.

आधी कॅलेंडर. शाळा वर्षात किमान 180 दिवस भरली पाहिजे असा राज्याचा दंडक आहे. बहुतेक ठिकाणी शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या, आसपास सुरू होते आणि जूनच्या उत्तरार्धात संपते. बर्फामुळे शाळा बंद राहिली की ते दिवस भरून काढावे लागतात. मग कधी स्प्रिंग ब्रेकचे दिवस कापले जातात, कधी जूनमधली शेवटची तारीख पुढे जाते. म्हणून भारताची तिकिटं काढताना कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली स्नो डेची सूचना वाचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तिकिटं घाईने काढू नका.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवार अशा दोन सुट्ट्या दिसतात आणि नवे पालक कोड्यात पडतात. त्या दिवशी कुठलाच सण नसतो. शिक्षक संघटनेचं वार्षिक अधिवेशन अटलांटिक सिटीला भरतं, आणि तिथे जाण्यासाठी शिक्षकांना रजा देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यातच आहे. काही वर्षी हे दोन दिवस आपल्या दिवाळीला अगदी लागून येतात.

आता दिवाळी. न्यू जर्सीत दिवाळीला राज्यभर शाळा बंद ठेवा असा कायदा नाही. एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो अशा डिस्ट्रिक्टनी आपापल्या कॅलेंडरमध्ये ती सुट्टी घेतली आहे, कारण तिथल्या वर्गांत आपली मुलं मोठ्या संख्येने आहेत. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात वेगळी पद्धत आहे. तिथे राज्याने 2023 मध्ये कायदा करून शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी दिली, आणि 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला शाळा बंद होत्या. पेनसिल्व्हेनियाने 2024 मध्ये दिवाळीला राज्याची मान्यता दिली, पण तिथे शाळा बंद ठेवण्याची सक्ती नाही. तेव्हा ‘अमेरिकेत आता दिवाळीला सुट्टी मिळते’ अशी बातमी कुणी पाठवली, तर ती कुठल्या राज्याची आणि कुठल्या गावाची, हे आधी पाहा. जिथे सुट्टी आहे तिथेही ती एकाच दिवसाची असते. पाडवा-भाऊबीज त्यात येत नाहीत, आणि 2026 सारखं लक्ष्मीपूजन रविवारी आलं की वेगळी सुट्टीही मिळत नाही.

पण शाळा उघडी असली म्हणजे मुलाला पाठवायलाच हवं असं नाही. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या घराला आवर्जून सांगते, कारण कित्येक जण वर्षानुवर्षं ती न कळल्यामुळे सणाच्या दिवशी मुलाला परीक्षेला पाठवतात. न्यू जर्सीच्या शिक्षण कायद्यानुसार धार्मिक सणासाठी गैरहजर राहिलेल्या मुलाचं कोणतंही नुकसान करता येत नाही. त्या दिवशी चाचणी झाली असेल तर ती नंतर देण्याची संधी द्यावी लागते. पूर्ण हजेरीचं किंवा दुसरं कुठलं बक्षीस त्या गैरहजेरीमुळे हुकू शकत नाही. राज्याचं शिक्षण मंडळ दर वर्षी अशा सणांची यादी मंजूर करतं. तिच्यात दिवाळी आणि होळीसारखे आपले सण असतात, आणि गावच्या बोर्डाला तिच्यात भर घालण्याची मुभा असते. गणपती, गुढीपाडवा, संक्रांत यांच्या नोंदी त्या वर्षीच्या यादीत पाहून घ्या. एखादा सण नसेल तर प्रिन्सिपलना आधीच लिहून विचारा.

यासाठी पालकाच्या सहीची चिठ्ठी लागते, तेवढीच. मुलाचं नाव, इयत्ता, तारीख आणि ‘रिलिजस हॉलिडे’ हे दोन शब्द स्पष्ट लिहा. पूजा किती वाजता आहे, कोण पाहुणे येणार आहेत, हे सांगायची गरज नाही. ‘फॅमिली फंक्शन’ असं मात्र लिहू नका. त्या शब्दांनी कायद्याचं संरक्षण लागू होत नाही आणि हजेरीपटावर ती साधी गैरहजेरी धरली जाते. चिठ्ठी सणाच्या आधी पाठवा, म्हणजे शिक्षकांना चाचणीची दुसरी तारीख ठरवायला वेळ मिळतो. गणपतीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तो बहुधा शाळा सुरू होण्याच्या सुमारास येतो आणि पहिल्याच आठवड्यांत मूल घरी ठेवायला पालक कचरतात. 2026 मध्ये चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. मूल निर्धास्त घरी ठेवा.

भारतात लग्नासाठी तीन आठवडे जाणं ही वेगळी बाब आहे. ती धार्मिक सुट्टीत बसत नाही. इथे 6 ते 16 वयाच्या मुलांना शाळा सक्तीची आहे आणि विनापरवानगी गैरहजेरी दहा दिवसांवर गेली की नियमांच्या भाषेत ती शाळा बुडवणं ठरते. मग शाळेला पुढची कारवाई करावी लागते, आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. आजी-आजोबांची ओढ मला समजते, आजारपण सांगून येत नाही हेही खरं. पण लांबचा प्रवास उन्हाळ्यात किंवा डिसेंबर अखेरच्या सुट्टीत बसवा. अगदीच अडचण आली तर निघण्यापूर्वी शाळेशी लेखी बोला.

सुट्ट्यांच्या मागे एक घटनात्मक बाजू आहे, ती माहीत असली की बोर्डापुढे बोलताना मदत होते. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कुठलाही धर्म पुरस्कारू देत नाही. 1963 मध्ये अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी शाळा प्रार्थना करवून घेऊ शकत नाही, धर्मांविषयी शिकवू मात्र शकते. म्हणून बोर्डाकडे ‘हा आमचा पवित्र दिवस आहे’ एवढाच मुद्दा नेला तर तो पुरत नाही. ‘त्या दिवशी इतकी मुलं आणि इतके शिक्षक गैरहजर असतात, वर्ग नीट चालत नाहीत’ हा मुद्दा टिकतो. आपण चिठ्ठी न पाठवता मुलाला आजारी दाखवतो तेव्हा ती संख्या कुठेच नोंदली जात नाही. चिठ्ठी लिहिणं म्हणूनच साऱ्या गावासाठीही महत्त्वाचं आहे. धर्माविषयी शिकवता येतं पण प्रार्थना करवता येत नाही, या नियमामुळेच वर्गात दिवाळीची माहिती सांगायला शिक्षक तुम्हाला बोलावू शकतात, पण आरती तिथे होत नाही. फराळ न्यायचा असेल तर आधी विचारा, सुकामेव्याच्या अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच शाळा घरचं खाणं आणू देत नाहीत.

सकाळच्या राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेबद्दलही विचारणा होते. शाळेत ती रोज होते, पण ती म्हणायची सक्ती कुणावर करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1943 मध्येच ठरवलं आहे. मुलाने शांतपणे थांबायचं ठरवलं तर त्याला शिक्षा होऊ शकत नाही.

आता इतिहास. इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष याच विषयाकडे होतं. गणिताच्या वरच्या वर्गात मूल बसावं म्हणून आपण प्रिन्सिपलपर्यंत जातो, आणि सोशल स्टडीजच्या वहीत काय लिहिलंय ते उघडूनही बघत नाही.

महाराष्ट्रात चौथीत शिवराय येतात. इथे प्राथमिक वर्गांत न्यू जर्सी येते: इथले मूळ रहिवासी लेनापे लोक, वसाहती, स्वातंत्र्ययुद्ध. हायस्कूलमध्ये अमेरिकेचा इतिहास, न्यू जर्सीच्या इतिहासासह, दोन वर्षं शिकणं कायद्याने सक्तीचं आहे, शिवाय जगाचा इतिहास. तो आपल्या घराजवळचा इतिहास आहे, हे लक्षात घ्या. 1776 च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने डेलावेअर नदी ओलांडली आणि दुसऱ्या सकाळी ट्रेंटन जिंकलं, ती जागा एडिसनहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. मुलांना घेऊन जा. सिंहगड चढून गेलेल्या आई-वडिलांना मुलांना अशी जागा कशी दाखवायची ते वेगळं सांगायला नको. याच राज्यात 1776 पासून 1807 पर्यंत मालमत्ता असलेल्या काही स्त्रियांना मतदान करता येत होतं. आणि याच राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपायला 1866 उजाडलं, उत्तरेतल्या राज्यांत सर्वांत शेवटी.

या सर्वसाधारण अभ्यासक्रमावर राज्याने वेळोवेळी काही विषय कायद्याने बंधनकारक केले. 1994 मध्ये ज्यू वंशसंहार आणि इतर वंशसंहारांचं शिक्षण. 2002 मध्ये अ‍ॅमिस्टॅड आयोग, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा इतिहास मूळ अभ्यासक्रमात नीट यावा यासाठीची यंत्रणा. 1839 मध्ये ज्या जहाजावर कैद करून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी उठाव केला आणि 1841 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आपलं स्वातंत्र्य मिळवलं, त्या जहाजाचं नाव आयोगाला दिलं आहे. 2019 मध्ये समलिंगी, पारलिंगी आणि अपंग व्यक्तींच्या योगदानाविषयीचा कायदा आला. 2021 मध्ये माध्यमिक वर्गांत नागरिकशास्त्र सक्तीचं झालं, आणि 79 वर्षं मतदान केंद्रावर काम केलेल्या लॉरा वूटन यांचं नाव त्या कायद्याला मिळालं. जानेवारी 2022 मध्ये आशियाई-अमेरिकी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकवण्याचा कायदा झाला. असं करणारं इलिनॉयनंतरचं हे दुसरं राज्य.

काही मराठी पालक मला म्हणतात, गुलामगिरी आणि वंशसंहाराचे धडे आपल्या मुलांना कशाला? मला हे पटत नाही, आणि मी ते स्पष्ट सांगते. 2022 चा कायदा आपल्या मुलांपर्यंत पोचला तो आधीच्या कायद्यांनी पाडलेल्या वाटेने. ‘आमचा इतिहास पुस्तकात नाही’ हे या राज्यात कृष्णवर्णीय आणि ज्यू कुटुंबांनी आपल्याआधी कित्येक वर्षं सांगितलं, म्हणून आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. शिवाय 1965 चा जो इमिग्रेशन कायदा आपल्यासारख्यांना इथे घेऊन आला, तोही नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातलाच. ते धडे आपल्या मुलांचेही आहेत.

2022 च्या कायद्याने विषय सक्तीचा केला, पण कोणती माणसं, कोणत्या घटना, हे शिक्षक आणि डिस्ट्रिक्ट ठरवतात. त्यामुळे बऱ्याच वर्गांत चिनी रेल्वे मजूर आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या छावण्या येतात आणि भारतीयांचा भाग राहून जातो. तो भाग तुम्ही शिक्षकांना सुचवू शकता. भगतसिंग थिंद यांना गोरे नाहीत म्हणून 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. दलीप सिंग सौंद 1956 मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. 1987 मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्यांनी भारतीयांवर हल्ले केले. ते नाव आपल्या बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून घेतलं होतं. ही घटना न्यू जर्सीची आहे, पण इथल्या आपल्या मुलांनाही ती ठाऊक नसते.

आणि आनंदीबाई जोशी. 1883 मध्ये अमेरिकेत उतरल्यावर त्या आधी राहिल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या घरी. तिथून फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि 1886 मध्ये पदवी घेतली. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. विदर्भातले पांडुरंग खानखोजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काम करत होते. ही माणसं अमेरिकेच्या इतिहासातली आहेत आणि मराठीही आहेत. शिक्षकांना एका पानाची नोंद द्या, विश्वासार्ह पुस्तकाचं किंवा ग्रंथालयाचं नाव जोडा, आणि हे नम्रपणे करा. शिक्षकांकडे वेळ कमी असतो, चांगली सामग्री हातात आली तर बहुतेक जण आनंदाने वापरतात. शिवराय, पेशवाई, सत्यशोधक हे मात्र इथल्या शाळेकडून अपेक्षू नका. त्यासाठी रविवारची मराठी शाळा आणि घर.

17 सप्टेंबरला संविधान दिन येतो. केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेने त्या दिवशी अमेरिकी संविधानाविषयी कार्यक्रम घ्यावा असा 2004 पासूनचा नियम आहे. मराठवाड्यातल्या घरांना ही तारीख मुक्तिसंग्रामाची म्हणून पाठ असते. जेवताना दोन्ही गोष्टी मुलांना सांगता येतील.

शेवटी बोर्डाची बैठक. ती साधारण दर महिन्याला होते आणि राज्याच्या 1975 च्या कायद्याने जनतेसाठी खुली असते. लोकांना बोलायला काही मिनिटं देतात. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असलात, ग्रीन कार्ड नसलं, तरी तिथे उभं राहून बोलता येतं. मतदानालाच नागरिकत्व लागतं. मुलाला शाळेत घेताना शाळा तुमच्या व्हिसाची स्थिती विचारू शकत नाही, पत्त्याचा पुरावा मात्र मागते. अभ्यासक्रम बदलायचा किंवा नवा मंजूर करायचा तर त्याला बोर्डाची संमती लागते, आणि तो विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत आधी दिसतो. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर मंजुरीला येतं. दिवाळीची सुट्टी हवी असेल तर ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा करून उपयोग नाही. डिसेंबरपासून कार्यक्रमपत्रिका बघायला लागा, चार घरं मिळून जा, एकाने बोला आणि बाकीच्यांनी सोबत बसा.